कोकमाच्या सरबतातलं कोयनेल

कोकमाचं सरबत कुणी पुढे केलं की ती केस मला अजून आठवते. पहिला घोट घेण्याआधी मी पेला उजेडात धरून बघते. सून म्हणते, "आई, मीच केलंय, प्या आता." मी म्हणते, "तूच केलंयस म्हणून तर बघते." नोकरी सुटून वर्षं झाली. संशय काही सुटत नाही.

त्या वेळी मी दापोली तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. नवी नव्हते, पण शहाणीही नव्हते. ठाण्यात बाई अधिकारी मी एकटीच, त्यामुळे गुन्हेगारांवर छाप पाडण्याआधी आमच्याच लोकांवर पाडायची घाई. आभाळ भरून आलेलं असलं तरी डोळ्यांवर काळा चष्मा, आणि हातात एक छडी, जिचा मी आयुष्यात टेबलावर आपटण्यापलीकडे काही उपयोग केला नाही. आज ती काळ्या चष्म्यातली बाई समोर आली तर मी तिला आधी बसवीन, पाणी देईन आणि चष्मा काढून घेईन.

तर एके दुपारी सरकारी रुग्णालयातून एमएलसी आली. रुग्णाच्या बाबतीत काही संशयास्पद वाटलं की डॉक्टर पोलिसांना कळवतात, ती वर्दी. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी हवालदारांना घेऊन निघाले. रुग्ण बुरोंडीकडचा तांडेल होता. तांडेल म्हणजे मासेमारीची बोट ज्याच्या हुकमावर चालते तो माणूस. अंगाने दणकट, वय पस्तिशीच्या आसपास. उलट्या झालेल्या, हात थरथरत होते आणि नजर कुठेच ठरत नव्हती.

"कानात इंजिन चालू आहे, डॉक्टर," तो म्हणत होता. "आणि दिवा का विझवलात?"

भर दुपार होती. खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं.

माणूस दारू पिणारा. दारू आणि डोळे म्हटलं की पहिला संशय विषारी दारूचा, म्हणजे मिथेनॉलचा. तरुण डॉक्टरांनी तो बोलून दाखवला आणि मी लगेच पकडला. तासाभरात हातभट्टीवर छापा घातला. डबे जप्त केले, पंचनामा केला, छडी आपटली. पण त्याच बाटलीतली दारू त्याच्याबरोबर प्यालेले दोघे जण किनाऱ्यावर जाळी विणत बसले होते. मला लांबून बघताच ते पळाले. म्हणजे डोळे आणि पाय दोन्ही शाबूत. हवालदार हळूच म्हणाले, "मॅडम, दारू बरी दिसते." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुढे ठाण्यापर्यंत बोलले नाहीत.

दारू बरी, तर मग विष घरातलं. मी संशयाचं तोंड घराकडे वळवते न वळवते तोच खबर आपल्या पायाने चालत आली. तांडेलाची बहीण एसटीने ठाण्यात आली, बाकावर बसली आणि चहा नको म्हणाली.

"माझं नाव कुठे लिहू नका, बाईसाहेब. वहिनी रोज संध्याकाळी दादाच्या सरबतात पांढरी पूड घालते. मी डोळ्यांनी बघितलंय."

"कसली पूड?"

"विचारलं तर म्हणे किराईत. किराईत कधी पांढरं असतं काय?"

किराईत म्हणजे पोटासाठी घेतात तो कडू काढा. तो पांढरा नसतो हे मलाही माहीत होतं. मला हवं होतं ते सगळं एका दमात मिळालं: पूड, खोटं बोलणं, आणि कारणही. हा तांडेल दारूच्या नशेत बोट खडकावर घालता घालता वाचला होता. खलाशी त्याच्याबरोबर जायला तयार नव्हते, आणि घरात रोज भांडण. नवऱ्याला कंटाळलेली बायको, पांढरी पूड. मी मनातल्या मनात दोषारोपपत्र लिहायलाही घेतलं.

घराची झडती घेतली. चुलीजवळ तांब्यात आदल्या संध्याकाळचं सरबत उरलेलं होतं. ते ताब्यात घेतलं. पूड मात्र सापडली नाही. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिशीतली, काटक, ओठ घट्ट मिटलेले.

तिला ठाण्यात आणलं, महिला शिपाई शेजारी बसवली आणि विचारपूस सुरू केली.

"पूड कसली होती?"

गप्प.

"कुणी दिली?"

गप्प.

"नवऱ्याला मारायचं होतं?"

तिने मान जोरात हलवली. मग पहिल्यांदा तोंड उघडलं: "त्यांना दिसायला लागलं काय?"

"तू बोललीस तर दिसेल," मी म्हणाले. तेव्हा मला हे फार धारदार वाक्य वाटलं होतं.

ती दचकली. अगदी विस्तवावर पाय पडल्यासारखी. आणि त्यानंतर एक अक्षर बोलली नाही. मी टेबलावर छडी आपटली, तिने पदराचं टोक तोंडात धरलं. मी समजले, बाई पक्की आहे. गुन्हेगार दचकतो ते पकडला गेल्यामुळे, असं माझं तेव्हाचं शास्त्र होतं.

संध्याकाळी तिला घरी पाठवलं. पुरावा नव्हता, आणि बाईमाणसाला सूर्यास्तानंतर ठाण्यात ठेवायचं नाही हा नियम तर कुणालाच चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात एक वयस्कर फिजिशियन तांडेलाला तपासून बाहेर आले. हिवतापाच्या साथीत हयात घालवलेले. ते म्हणाले, "कान वाजणं आणि नजर जाणं, दोन्ही एकदम. हे कोयनेल आहे."

"क्विनाईन? ते तर औषध."

"औषधच. मापात असेल तोवर. मापाबाहेर गेलं की आधी कान, मग डोळे." मग सहज बोलावं तसं म्हणाले, "शहरात ते टॉनिक वॉटर मिळतं ना, कडवट? त्यात हे चिमूटभर असतं. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं तर निळं चमकतं."

हे त्यांनी मला सांगायला नको होतं.

मी थेट बाजारात जाऊन ओळखीच्या सराफाकडून नोटा तपासायचा दिवा मागून आणला. मुद्देमालाच्या खोलीची खिडकी लावली, दाराला घोंगडी टांगली आणि हवालदारांना साक्षीला उभं केलं. तांब्यावर दिवा धरला. सरबत काळंभोर. एक ठिणगी नाही. मी दिवा डावीकडून धरला, उजवीकडून धरला. नाही म्हणजे नाही. तेवढ्यात त्यांच्या घरातल्या ज्या पंच्यात तांब्या गुंडाळून आणला होता तो झगमगला. निळा, लख्ख.

"सापडलं!" मी ओरडले. "पूड कालवून हिने हात पंच्याला पुसले. पंचनामा करा, पंचा जप्त."

"मॅडम," हवालदार म्हणाले, "माझा बनियनपण चमकतोय."

"तुम्ही गप्प बसा."

पंचा जप्त झाला. पण सरबत चमकत नव्हतं, हे काही डोक्यातून जाईना. मग त्यात कोयनेल नाहीच, म्हणजे पूड घातल्याचं सांगणारी नणंद खोटी! घराच्या हिश्श्यावरून कुरबुर होती हेही कानावर आलं होतं. नणंदेनेच दुसऱ्या कशात तरी पूड घातली आणि पंच्याला हात पुसून भावजयीला अडकवलं, असा नवा तर्क मी बसल्या जागी रचला आणि तिला बोलावून घेतलं.

ती बाई अशी भडकली! "खबर मी दिली नि मलाच धरताय? चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा भाऊ आंधळा होतोय नि तुम्ही हिस्से काढताय?"

मला तिच्या रागातही बनाव दिसला. संशय म्हणजे खरजेसारखा. खाजवावं तितकं बरं वाटतं.

सरबत गाळासकट बाटलीत भरून लाखेचं सील लावलं, पंच्याचं पुडकं केलं, रुग्णाच्या लघवीचा नमुना घेतला आणि सगळं घेऊन मी जातीने सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या रसायनतज्ज्ञ मॅडम माझ्याहून वयाने मोठ्या, आवाज अगदी हळू. मी त्यांना माझ्या दिव्याची कथा ऐकवली. सरबतात काही नाही, पंच्यात कोयनेल आहे, फक्त तसं लिहून द्या, इतकंच काय ते सांगायचं बाकी होतं.

त्यांनी सरबताचा वास घेतला. "कोकम ताजं की आगळ?"

"आगळ." म्हणजे मिठात मुरवलेला कोकमाचा रस. आमच्याकडे घरोघरी बरणी असते.

"मग मीठ भरपूर. मिठाने कोयनेलची चमक मरते. असतं, पण दिसत नाही. वर कोकमाचा लाल रंग. तुमचा दिवा काय करणार?"

"आणि पंचा?"

त्यांनी टेबलाखालचा दिवा लावून माझ्या हातरुमालावर धरला. रुमाल पंच्यापेक्षा झकास चमकला. "कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, ते हे. जगातलं सगळं पांढरं कापड जप्त करावं लागेल तुम्हाला."

मी रुमाल खिशात कोंबला. आज तो आठवला की एकटीच हसते. त्या दिवशी मात्र कान तापले होते.

मग त्यांनी जे केलं ते मी जवळ उभी राहून बघितलं. मोजून घेतलेल्या सरबतात अमोनिया घातला. क्लोरोफॉर्म ओतून खाली तोटी असलेल्या काचेच्या शंकूत हलवलं आणि थांबल्या. खाली एक थर बसला, वर कोकमाचा राहिला. कोयनेल खालच्या थरात उतरतं, मीठ आणि रंग वरच राहतात, असं त्या म्हणाल्या. खालचा थर वेगळा काढून तो पातळ गंधकाम्लात हलवला. आता कोयनेल त्या आम्लात आलं. ती नळी दिव्याखाली धरली. स्वच्छ निळा उजेड, जणू आतून पेटलाय.

"कोयनेल आहे की नाही, ते झालं," त्या म्हणाल्या. "आता किती, ते बघायचं." ठाऊक मापाचं कोयनेल घातलेल्या नळ्यांची रांग त्यांनी यंत्रात एकेक करून घातली, प्रत्येकीची चमक मोजली, आलेखावर रेघ ओढली आणि आपल्या नळीची चमक त्या रेघेवर बसवली. शिवाय नमुना दुसऱ्या एका यंत्राच्या बारीक नळीतून सोडला. तिथे प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर येतो, म्हणून दुसरं काही चमकून फसवू शकत नाही. कोयनेलच होतं. लघवीतही तेच. आणि सरबताच्या एका पेल्यात, हिवतापाच्या रोग्याला दिवसभरात देतात त्याहून बरंच जास्त.

नणंद खरी ठरली. बायको अडकली.

ठाण्याच्या साहेबांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, "विष देऊन दुखापत. शिवाय खुनाचा प्रयत्न. करा अटक." अटक झाली असती तर ती वर्षानुवर्षं बाहेर आली नसती. माझ्या मनात तेव्हा तरी किंतु नव्हता. मी सकाळी जीप घेऊन गेले.

ती अंगणात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, निवडत बसली होती. मला बघून उठली, हात धुतले, पदर सारखा केला. "चला," म्हणाली. रडली नाही, पाया पडली नाही. मला त्याचाच राग आला. इतक्या दिवसांची चिडचिड एकदम बाहेर पडली.

"तोंड नको उघडूस बाई, तुझं तोंड तुला लखलाभ! नुसतं दाखव, काय घातलंस ते!"

मी वैतागून बोलले होते, त्यात हुशारी काही नव्हती. पण ती तडक आत गेली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि वर्तमानपत्राच्या कागदातल्या पुड्यांची एक जुडी काढून माझ्या हातात दिली.

मी जोत्यावर बसले. प्रश्न बदलायची बुद्धी मला तिथे कुठून आली, देव जाणे.

"बोलू नको असं तुला कुणी सांगितलंय?"

मान हलली. हो.

"ज्याने पुड्या दिल्या त्याने?"

हो.

"दारू सोडवायचं औषध आहे?"

हो. एसटी स्टँडच्या भिंतींवर तसल्या जाहिराती डकवलेल्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, रोग्याला न सांगता दारू सोडवा म्हणून.

"आणि बोललीस तर काय होतं?"

तिने दोन्ही तळवे स्वतःच्या डोळ्यांवर ठेवले आणि तशीच उभी राहिली. बोटांच्या फटींतून पाणी येत होतं.

महिला शिपाई पुढे झाली आणि हळूहळू, तुझ्या मानेनेच सांग म्हणत, राहिलेलं काढून घेतलं. तिने फक्त एकदा, माहेरी आईजवळ पुड्यांचं बोलून दाखवलं होतं. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याचे डोळे गेले. तिच्या हिशेबात ते तिच्या बोलण्याने गेले होते. आणि उरलेली नजर वाचवायची तर आता तोंड शिवूनच ठेवायला हवं होतं, फासावर जावं लागलं तरी. आणि मी तिला काय म्हणाले होते? बोललीस तर दिसेल.

साहेब पुड्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. "पुड्या आहेत, मान्य. पण हिने चार-पाच एकदम घातल्या नसतील कशावरून?" संशय रास्त होता. मी पुन्हा प्रयोगशाळेत. मॅडमनी प्रत्येक पुडी वेगळी मोजली. काही पुड्यांत कोयनेल नावापुरतं, काहींत मध्यम, आणि एकीत इतकं की मॅडमनी ते दुसऱ्यांदा मोजलं. बाकी सगळा मैदा. मैदा विरघळत नाही, तळाशीच राहतो, म्हणून त्यांनी सरबताच्या तळाशी बसलेला मैदाही मोजला. तो एका पुडीला पुरेल इतकाच होता. पुड्या एकदम घातल्या असत्या तर मैदाही तितक्या पटीने भरला असता. म्हणजे बाईने सांगितल्याप्रमाणे रोजची एकच पुडी घातली होती. विष पुडीत कमीजास्त होतं, तिच्या हातात नव्हतं.

आता पुडीवाला. आठवडा बाजाराला मी साधी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन एसटी स्टँडच्या कडेला गेले. चष्मा आणि छडी घरी. तो झाडाखाली सतरंजी टाकून बसला होता, गोड बोलणारा.

"नवरा किती घेतो, ताई?"

माझे यजमान चहादेखील अर्धा कप घेतात. "पिंपभर," मी म्हणाले.

"मारतो?"

"तोंडाने."

"रोज एक पुडी, आंबट पेयात. चव झाकते. पण कुणाला सांगायचं नाही हां. सांगितलंत तर औषध उलटतं."

"उलटतं म्हणजे?"

"डोळ्यांवर जातं," तो म्हणाला.

मी पदर मागे केला. त्या एका वाक्यात तो आपण होऊन सापळ्यात शिरला होता. औषध डोळ्यांवर जातं हे त्याला ठाऊक होतं. चौकशीत फार वेळ लागला नाही. मुदत संपलेल्या कोयनेलच्या गोळ्या आणायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, डब्यातल्या मैद्यात हाताने कालवायच्या. कडूपणा आला, कान वाजले, की औषध लागू पडतंय असं गिऱ्हाईक समजायचं. कुठल्या पुडीत किती गेलं, हे त्याला कधीच माहीत नव्हतं. पूर्वी एक-दोन घरांतून डोळ्यांची तक्रार आली, तेव्हा त्याने पूड बदलली नाही. गप्प बसायची अट घातली.

बायको आता आरोपी नव्हती, साक्षीदार होती. पण जबाब कसा घेणार? पुडीवाला लबाड होता, हे मी दहा वेळा समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि गप्प. शेवटी मी तिला रुग्णालयात नेलं, नवऱ्याच्या खाटेसमोर उभं केलं. त्याची नजर थोडी परतली होती. समोरचं दिसायचं, कडेचं अंधारात. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुमच्या डोळ्यांसाठी ही बोलत नाही. आता तुम्हीच बघा काय ते."

त्याने मान वळवून तिला बरोबर नजरेसमोर घेतलं आणि म्हणाला, "कडू तर होताच गो. तू दिलंस म्हणून प्यालो." तिने तोंडावर हात घेतला. "बोल तू. मी बघत ऱ्हातो. कमी दिसायला लागला तर सांगेन."

ती पहिला शब्द बोलली आणि थांबली.

"मना दिसतेस तू. बोल."

ती बोलू लागली. दर दोन वाक्यांनंतर थांबून त्याच्या डोळ्यांकडे बघायची, तो मान हलवायचा, मग पुढे. असा जबाब मी त्याआधी लिहिला नव्हता आणि नंतरही नाही.

पुडीवाल्याला शिक्षा झाली. तांडेलाचं कडेचं दिसणं पुरतं कधीच आलं नाही. बोट दुसऱ्याच्या हाती गेली, तो किनाऱ्यावर मासळीचं बघू लागला. दारू सुटली का, असं लोक मला विचारतात. नाही विचारलं मी. तेवढा एक संशय मी मुद्दाम घेतला नाही.

या केसने मला शिकवलं ते हे. वस्तू आहे की नाही, हे डोळा सांगतो आणि पुष्कळदा खोटं सांगतो. किती आहे, हे मोजल्याशिवाय कुणावर बोट ठेवू नये. आणि गप्प बसलेल्या माणसाला "काय लपवतोस" असं विचारण्याआधी, गप्प बसायला त्याला कुणी सांगितलं, ते विचारावं. पुढच्या नोकरीत हाच माझा पहिला प्रश्न असायचा. काही जण तो ऐकून रडत. काही जण मात्र माझ्या खांद्यावरून मागे, दाराशी थांबलेल्या आपल्या माणसाकडे बघत. मग मीही वळून त्याच्याकडे बघायची.